एक टकटक म्हणजे डावीकडे

दोघांनी मिळून वल्हवायच्या कयाकला इथे अमेरिकेत गमतीने 'डिव्होर्स बोट' म्हणतात. पुढचा म्हणतो डावीकडे, मागचा वळवतो उजवीकडे, वल्ही एकमेकांवर आपटतात, आणि काठाला लागेपर्यंत लग्नातल्या मानपानापासूनचे सगळे हिशोब बाहेर निघतात. आमच्याकडे बरीच वर्षं दोन वेगवेगळ्या कयाक होत्या. माझी हिरवी, नवऱ्याची पिवळी. संसार सुखाचा होता.

२०२२ मध्ये त्या दोन्ही विकल्या आणि एक जोडकयाक घेतली. कारण माझे कान.

झालं असं होतं की दोन कयाकमध्ये वीस-पंचवीस फुटांचं अंतर पडलं की नवरा काय बोलतोय ते मला कळेनासं झालं. मला ऐकू जावं म्हणून तो ओरडायचा आणि माझ्यापर्यंत ते पोचायच्या आत पक्षी उडून गेलेला असायचा. पक्षी बघायला म्हणून जायचं आणि नदीभर बोंबलत फिरायचं, याला काही अर्थ नव्हता. आता मी पुढे बसते, तो मागे. त्याला काही दिसलं किंवा ऐकू आलं की तो बोटांच्या पेरांनी कयाकच्या अंगावर टकटक करतो. एक टकटक म्हणजे डावीकडे बघ. दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे वल्हं थांबव आणि हलू नकोस. प्लॅस्टिकचं ते धूड आतून पोकळ, त्यामुळे टकटक मला कानाने नाही, बैठकीतून कळते. कासवांनाही कळत असणार, पण ती तेवढी मनावर घेत नाहीत.

ऑडिओग्राम नावाचा एक आलेख असतो. डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे वरच्या पट्टीतले. माझी रेघ डावीकडून शहाण्यासारखी सरळ निघते आणि मध्य ओलांडला की घाट उतरल्यासारखी खाली जाते. म्हणजे ट्रक, ढोल, नवऱ्याचं घोरणं हे सगळं व्यवस्थित. गेलंय ते वरचं. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं गेली, रातकिडे गेले, वाळक्या पानांवरून चालतानाचा आवाज गेला. वयाबरोबर बहुतेकांचं थोडंफार असंच होतं, माझं जरा घाईने झालं. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं ते असं, की कानाच्या आत शंखासारखी एक गुंडाळी असते, तिच्यात जन्मतः साधारण १५,००० केसपेशी असतात आणि सर्वांत बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात चित्र आहे ते कीर्तनाचं. दाराजवळ बसलेली मंडळी आधी उठून गेली, आत समईपाशी बसलेले अजून टाळ्या वाजवतायत.

एकदा नदीवर नवरा मागून हळूच म्हणाला, "समोर." मी वळून म्हटलं, "मोर? इथे?" तो इतका हसला की कयाक कलंडायची बाकी राहिली होती. त्यानंतरच ही टकटकीची भाषा ठरली.

कानाची मशीनं आहेत माझ्याकडे. घरी, दुकानात, फोनवर छान चालतात. पण ती नदीवर नेत नाही. एक तर पाणी, आणि त्यांची किंमत आठवली की वल्हं धरवत नाही. शिवाय वारा सुटला की त्यांतून नुसता घोंघाट. तेव्हा गाडीतच डबीत ठेवते. नदीवर मी जाते ती आहे त्या कानांनी.

आमची नदी म्हणजे काँकर्ड. बॉस्टनच्या वायव्येला, आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर. सडबरी आणि असॅबेट या दोन नद्या काँकर्ड गावात एग रॉक नावाच्या खडकाशी मिळतात आणि तिथून पुढे तिचं नाव काँकर्ड. पंचवीसेक किलोमीटर वाहून ती लोवेल शहरात मेरिमॅक नदीला मिळते. वाहून म्हणायचं ते आपलं भाषेची पद्धत म्हणून. नॅथॅनिएल हॉथॉर्न १८४२ मध्ये लग्न करून या नदीकाठच्या ओल्ड मॅन्स नावाच्या घरात राहायला आला. त्याने लिहून ठेवलंय की नदी नेमकी कुठल्या दिशेने वाहते हे समजायला त्याला तीन आठवडे लागले. अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. कयाक सोडून दिली तर ती विचार करत बसते.

मूळच्या रहिवाशांचं या नदीचं नाव मस्केटाक्विड, त्याचा अर्थ गवताची नदी असा सांगतात. आणि याच गावचा हेन्री डेव्हिड थोरो. त्याच्या 'वॉल्डन'चा दुर्गाबाई भागवतांनी मराठीत अनुवाद केलाय, 'वॉल्डनकाठी विचारविहार', त्यामुळे आपल्याकडे तो तळ्याकाठचा माणूस म्हणून माहीत. पण खरा तो या नदीचा. १८३९ मध्ये तो आणि त्याचा थोरला भाऊ जॉन स्वतः बांधलेल्या होडीतून इथून निघाले. अडीच वर्षांनी जॉन धनुर्वाताने गेला. त्या प्रवासाचं पुस्तक थोरोने १८४९ मध्ये काढलं. हजार प्रती छापल्या होत्या, त्यातल्या ७०६ चार वर्षांनी प्रकाशकाने परत त्याच्या घरी आणून टाकल्या. ज्यांचे काव्यसंग्रह पलंगाखाली आहेत त्यांनी धीर धरावा. ती होडीही पुढे हॉथॉर्नने विकत घेतली, सात डॉलरला.

२०२४ चा ऑक्टोबर. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. त्या वर्षीचा पानगळीचा मोसम इथे विलक्षण कोरडा गेला, पाऊस म्हणून नाही, आणि नदी काठाच्या बरीच खाली उतरलेली. सोमवार होता, त्यामुळे कोणी नव्हतं. हवा एकदम उबदार, आपल्याकडच्या दिवाळीच्या दुपारसारखी. आम्ही तीन वाजता लोवेल रोडच्या पुलापाशी कयाक पाण्यात घातली. हॉथॉर्नच्या घरावरून, नॉर्थ ब्रिजखालून पुढे निघालो. या लाकडी पुलाशी १९ एप्रिल १७७५ ला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दिवसाची चकमक झाली. आताचा पूल नंतरचा. उन्हाळ्यात इथे शाळेच्या मुलांची झुंबड असते, त्या दिवशी फक्त एक आजोबा कठड्याला टेकून सफरचंद खात होते.

पुलाच्या पुढे गाव संपतं आणि उजव्या हाताला ग्रेट मेडोज अभयारण्याची दलदल सुरू होते. तांबडे मेपल बहुतेक झडले होते, रुपेरी मेपल पिवळे, ओक तपकिरी. पाण्यावर पानं इतकी की वल्हं मारलं की पातं पानांनी भरून वर यायचं.

तीन टकटक.

आडव्या पडलेल्या खोडावर कासवं होती. पेंटेड टर्टल म्हणतात त्यांना, मानेवर पिवळ्या-लाल रेघा. एकावर एक रचल्यासारखी, पाय मागे ताणून, ऊन खात. मोजली तर अकरा. थंडी पडली की ही तळाच्या चिखलात जातात आणि वर बर्फ धरला की महिनोन्महिने श्वास घेत नाहीत. प्राणवायू नसला की शरीरात आम्ल साठतं, ते ती आपल्या कवचातल्या चुन्याने निवळतात. म्हणजे हिवाळाभर अंगावरच्या घरातून थोडं थोडं उसनं घ्यायचं. हे ऊन त्या हिवाळ्याच्या आधीचं शेवटचं असू शकतं हे त्यांना माहीत असावं अशा मन लावून ती बसली होती. एकाने आमच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या वळणावर ग्रेट ब्लू हेरॉन. आपल्या राखी बगळ्याचा अमेरिकेतला थोरला भाऊ. खाली गेलेल्या पाण्याने उघड्या पडलेल्या चिखलात एका पायावर. या पक्ष्याशी माझं अलीकडे विशेष जमतं, कारण तो बोलत नाही आणि त्याला ऐकायचंही नसतं. सगळा कारभार डोळ्यांचा. आम्ही पंधरा मिनिटं त्याच्यासमोर थांबलो. त्यात त्याने दोनदा मान वाकडी केली आणि एकदा मासा पकडला. आमच्या एका काकांचा सरकारी नोकरीतला कामाचा वेग साधारण हाच होता.

खंड्याही भेटला. इथला बेल्टेड किंगफिशर आपल्या खंड्यापेक्षा मोठा, निळसर राखाडी, डोक्यावर विस्कटलेला तुरा. यांच्यात मादी जास्त रंगीत, तिच्या पोटावर नरापेक्षा एक तांबूस पट्टा जास्त. तो उडताना खुळखुळा वाजवल्यासारखा ओरडतो. मला त्यातला खालचा अर्धा ऐकू येतो. खुळखुळ्यातले निम्मे खडे कोणीतरी काढून घेतल्यासारखा.

मध्येच वल्ह्याला काहीतरी टोचरं काळं अडकून आलं. शिंगाडा! तोच आपला उपासाचा शिंगाडा, फक्त आपल्याकडच्याला दोन शिंगं असतात, याला चार, आणि चारही टोकदार. १८७० च्या दशकात हार्वर्डच्या वनस्पती उद्यानात कोणीतरी हौसेने लावला आणि काही वर्षांत तो इथल्या तळ्यांत, नद्यांत पोचला. आता तो या नदीचा वैरी. पानांची अशी चटई पसरतो की खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही. बी चिखलात बारा वर्षंसुद्धा जिवंत राहतं. दर उन्हाळ्यात बिया धरायच्या आत स्वयंसेवक होड्या भरभरून तो उपटतात. आम्हीही जातो. पहिल्या वर्षी मी सांगलीला आईला फोनवर उत्साहाने सांगितलं की आज आम्ही चार होड्या शिंगाडे उपटून फेकून दिले. पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "ऐन आषाढीच्या तोंडावर?"

ते काळं बी मी कयाकच्या तळाशी टाकलं, घरी नेऊन कचऱ्यात घालायला. परत पाण्यात जाऊ द्यायचं नसतं.

आता वॅक्सविंगचं सांगते. सीडर वॅक्सविंग हा बुलबुलाएवढा पक्षी. मऊ खाकी अंग, डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा, शेपटीचं टोक पिवळ्या रंगात बुडवून काढल्यासारखं. थोव्यांनी हिंडतात, फळं खातात. यांचा आवाज म्हणजे एक अतिशय बारीक, उंच शिट्टी. माणसाच्या कानाच्या गच्चीवरचा आवाज. इथले पक्षीनिरीक्षक वय वाढू लागलं की एकमेकांना हळूच विचारतात, "तुला अजून वॅक्सविंग ऐकू येतात?" ज्याला येत नाहीत तो विषय बदलतो.

माझा हा पहिला गेलेला पक्षी. कधी गेला ते सांगता येणार नाही. गेलेला आवाज कधी गेला हे कळत नाही, कारण तो नसतो तेव्हा तिथे शांतता असते आणि शांतता तर आपल्याला आवडतेच. मशीन लावूनही तो परत येत नाही, मशीनची धावही तिथपर्यंत नीट नाही. आणि गंमत अशी की आमच्या घरात पक्ष्यांचं वेड माझं. नवऱ्याला काडीचा रस नव्हता. तो पुलाखालून जाताना खांब बघायचा, मी वर पाकोळ्या. मुलीला आवाजावरून पक्षी ओळखायला मी शिकवलं. आता तिच्या ओळखण्याच्या यादीत माझ्यापेक्षा जास्त पक्षी आहेत आणि नवऱ्याला नाइलाजाने नावं पाठ करावी लागली आहेत, कारण मला काय ऐकू येत नाहीये हे सांगायला ते कशाचं आहे हे आधी माहीत हवं.

तर डाव्या काठावर रानद्राक्षांचा वेल झाडावर चढला होता, द्राक्षं सुकून काळी पडलेली, आणि त्यात वॅक्सविंग. वीस तरी. टकटक झाली नव्हती, मलाच आधी दिसले. एक पक्षी द्राक्ष तोडून शेजारच्याला देत होता. शेजाऱ्याने ते परत दिलं. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मूकपट.

मी वळले. कयाकमध्ये मागे वळून बघणं हा एक स्वतंत्र योगासनाचा प्रकार आहे, पण ओठ दिसल्याशिवाय मला बोलणं पुरतं कळत नाही. विचारलं, "बोलतायत का?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "हो. सगळे."

मला आमच्या आजीची आठवण आली. आजी शेवटची दहा वर्षं जवळजवळ बहिरी होती. सांगलीला आमचं घर कृष्णेपासून जवळ, आणि संध्याकाळी ती मला घेऊन घाटावर जायची. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरकडे तर वाळूवर पसरलेल्या दिसतात, माणसंही गेली आहेत त्यांत. म्हणून माझं काम असं की पाण्याकडे लक्ष ठेवायचं आणि काही हललं की आजीचा पदर ओढायचा. मी कशालाही ओढायची. ओंडक्याला, म्हशीला, बुडबुड्यांना. ती दर वेळी नीट बघायची. घरात मात्र तिच्याशी बोलणं हळूहळू कमी होत गेलं. महत्त्वाचं असेल ते सगळे ओरडून सांगत. कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, डॉक्टरकडे कधी जायचंय. बारीकसारीक मात्र कोणी सांगेना. सगळे हसले की ती विचारायची, "काय झालं रे?" आणि कोणीतरी म्हणायचं, "काही नाही आजी, असंच." तिला बहिरेपणाचा त्रास होता की या 'काही नाही'चा, असा प्रश्न मला आता पडतो. माझी भीती विचाराल तर ती वॅक्सविंगची नाही. ती या 'काही नाही गं, जाऊ दे'ची आहे. ते घरात शिरलं की परत बाहेर जात नाही.

"कसा आहे आवाज?" मी विचारलं.

आता मला तो आवाज माहीत आहे. वीस वर्षं ऐकलाय. हे त्यालाही माहीत आहे. त्याने वल्हं आडवं मांडीवर ठेवलं आणि अगदी परीक्षेला बसल्यासारखा ऐकायला लागला. बराच वेळ. मग म्हणाला, "प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी एक बारीक सीं येतं ना, तसा. वीस कुकर. पण कोणाचीच शिट्टी होत नाहीये."

इतकं अचूक वर्णन मी कुठल्याही पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलेलं नाही. मला ते ऐकू आलं असं नाही म्हणणार, खोटं कशाला बोला. पण वीस कुकर दिसले.

थोरो या पक्ष्याला चेरी-बर्ड म्हणायचा. त्याचा कान फार तिखट. झाडाखाली उभं राहून बारीकातला बारीक आवाज वहीत उतरवून ठेवायचा. मार्च १८५६ च्या रोजनिशीत त्याने एक यादी केली आहे, या भागातून नाहीशा झालेल्या प्राण्यांची. चित्ता म्हणावा तसा डोंगरी सिंह, लिंक्स, लांडगा, अस्वल, मूस, हरीण, बीव्हर, टर्की. आपल्या वाट्याला आलेला निसर्ग हा अपुरा आहे, वाडवडिलांनी त्यातलं उत्तम ते आधीच संपवलं, अशी त्याची तक्रार. आणि त्याने उपमा दिलीय ती मैफिलीची, बरेच भाग गाळून ऐकाव्या लागणाऱ्या. ऑडिओग्राम हातात घेऊन बसले होते त्या आठवड्यात मी ते पुन्हा वाचलं. पूर्वीही वाचलं होतं, पण तेव्हा कान शाबूत होते.

आता त्याच्या यादीतलं काय काय परत आलंय बघा. हरणं तर आमच्या मागच्या अंगणात येऊन फुलझाडं खातात. टर्की १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून मॅसॅच्युसेट्समध्ये सोडले, आता त्यांचे कळप भर रस्त्यात उभे राहून गाड्या अडवतात, अगदी पुण्यातल्या म्हशींच्या आत्मविश्वासाने. बीव्हर राज्यातून अठराव्या शतकातच संपला होता, तो १९२८ मध्ये पश्चिमेकडे वेस्ट स्टॉकब्रिजला पुन्हा दिसला आणि पसरत पसरत इथवर आला. बीव्हर धरणं बांधतो, त्यात झाडं बुडून मरतात, त्या वाळक्या झाडांवर हेरॉन घरटी करतात. एक आला की चारांना घेऊन येतो. म्हणजे थोरोला जो बीव्हर या नदीवर उभ्या आयुष्यात दिसला नाही तो मला दिसतो. आणि त्याला जे ऐकू यायचं ते मला येत नाही. हिशोब बरोबरीचा नाही, पण अगदीच बुडीतही नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती वाचली तेव्हा मला राग आला होता. १९८८ मध्ये शास्त्रज्ञांना आढळलं की मोठ्या आवाजाने कोंबडीच्या पिल्लांच्या किंवा लाव्यांच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर त्या पुन्हा उगवतात. काही आठवड्यांत पक्ष्याला परत ऐकू येऊ लागतं. सस्तन प्राण्यांत हे होत नाही. आपल्या पेशी गेल्या की गेल्या. म्हणजे त्या वेलावर बसलेल्या वीसांपैकी एखाद्याचे कान उद्या बिघडले, तर बरे व्हायची सोय त्याच्याजवळ आहे. ऐकणारी मी, आणि सोय त्याला! असो. कोंबडी खाताना मला हे आठवतं, एवढंच.

नदीचंही सगळं परत आलेलं नाही. वर सडबरीच्या काठी ॲशलँड गावात कापडाचे रंग बनवण्याचा कारखाना होता, १९१७ ते १९७८. त्याचा पारा नदीत गेला आणि तळाच्या गाळात बसला. जागा सरकारने १९८३ मध्ये साफसफाईच्या यादीत घेतली, तरी इथले मासे खाऊ नका अशा पाट्या आहेत. त्या दुपारी एक तरुण काठावरून गळ टाकून बसला होता. त्याने मासा ओढला, फोटो काढला, सोडून दिला. बघताना नदी निर्मळ दिसते. १९९९ पासून या तीन नद्यांचा ४६-४७ किलोमीटरचा पट्टा देशातल्या जपण्याजोग्या नद्यांमध्ये धरलाय, आणि तो त्या लायकीचाही आहे. दोन्ही खरं.

पाच वाजता परत फिरलो. प्रवाहाच्या उलट जायचं होतं, पण प्रवाह कोणता ते हॉथॉर्नला विचारा. ऊन तिरपं झालं, वूड डकची एक जोडी दलदलीतून उठून गेली, नर इतका नटलेला की लग्नातला करवला वाटावा. मग सूर्य झाडांमागे गेला आणि पाणी शाईसारखं झालं. उजेड गेला की मला जरा अवघड जातं. कान नसले की डोळे जास्त काम करतात, आणि त्यांनाही सुट्टी मिळाली की मी एकदम एकटी होते. मागे नवरा वल्हवतोय हे मला कयाकच्या डुलण्यावरून कळत होतं, आवाजावरून नाही.

नॉर्थ ब्रिजच्या अलीकडे वाकलेल्या झाडांखाली बीव्हरचं घर आहे, काटक्या आणि चिखलाचा ढीग. या दिवसांत ते हिवाळ्याची बेगमी करतात, फांद्या ओढून आणून घराजवळ पाण्यात खुपसून ठेवतात. ढिगापाशी ताज्या सोललेल्या पांढऱ्या फांद्या दिसत होत्या, एवढं मला दिसलं.

आणि मग धप्प!

बंद दारावर फळी आपटावी तसा आवाज. बीव्हर धोका वाटला की शेपटी पाण्यावर आपटून बुडी मारतो. तो खर्जातला, जाड, पोटात जाणारा आवाज माझ्या आलेखाच्या त्या सरळ, शहाण्या रेघेवरचा. मला तो पूर्ण ऐकू आला. कुठून आला तेही कळलं. मी डावीकडे वळलेही होते, पाण्यावर वर्तुळं पसरत होती, कयाक खालून हलली. पुन्हा एकदा धप्प, जरा पुढे. तोही डावीकडेच.

सगळं शांत झालं. वर्तुळं काठाला लागून परत आली. आणि मग माझ्या बैठकीत एक टकटक झाली.

"अरे, ऐकू आलं मला," मी म्हटलं.

"माहितीये," तो म्हणाला. "तरी."

पुलाखालून आलो तेव्हा अंधार पडला होता. धक्क्याला कयाक लावताना ते चारशिंगी बी त्याच्या तळव्यात घुसलं आणि तो जे काही ओरडला तेही मला नीट ऐकू आलं.